डर्क पिट मालिका : कोणतं पुस्तक आधी न्यावं?

आमच्या वाचनालयाच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

अमेरिकी कादंबरीकार क्लाइव्ह कसलर यांच्या डर्क पिट या साहसकथांच्या मालिकेबद्दल आमच्या काउंटरवर जितकी उलटसुलट मतं ऐकू येतात, तितकी दुसऱ्या कुठल्याच मालिकेबद्दल येत नाहीत. एक सभासद पुस्तक परत देतानाच पुढचं मागतात. दुसरे त्याच मालिकेतलं दुसरं पुस्तक अर्धवट सोडून परत आणतात आणि 'लोक यात काय बघतात?' असं विचारतात. दोघांचंही म्हणणं आम्हाला पटतं. १९७३ पासून या मालिकेत पंचवीसहून जास्त कादंबऱ्या आल्या. दरम्यान शीतयुद्ध संपलं, नायकाचं वय वाढलं, लेखकाच्या जोडीला दुसरा लेखक आला. त्यामुळे 'मालिका कशी आहे?' याला एकच एक उत्तर देता येत नाही. 'यातलं कोणतं पुस्तक माझ्यासाठी?' असं विचारलंत तर नीट सांगता येतं, आणि तेवढ्यासाठीच हे पत्रक काढलं आहे. कुठल्याही कथेचा शेवट इथे फोडलेला नाही.

ओळख

डर्क पिट हा 'नुमा' नावाच्या अमेरिकी सागरी संशोधन संस्थेत काम करतो. पोहणं, पाणबुडी चालवणं, विमान उडवणं, सगळ्यात तरबेज. त्याचा जिवाभावाचा मित्र अल जिओर्डिनो बहुतेक मोहिमांत बरोबर असतो, आणि दोघांवर ओरडायला संस्थेचे प्रमुख ॲडमिरल सँडेकर असतात. पिट वॉशिंग्टनमध्ये विमानतळाजवळच्या जुन्या हँगरमध्ये राहतो आणि तिथे त्याने जुन्या मोटारी जमवल्या आहेत. मोटारींचा हा नाद लेखकाचा स्वतःचाच. कसलर यांनी कोलोरॅडोतल्या आर्वाडा इथे जुन्या गाड्यांचा संग्रह उभा केला होता.

बहुतेक कादंबऱ्यांची बांधणी सारखी असते. पहिलं प्रकरण जुन्या काळात घडतं. एखादं जहाज धुक्यात किंवा वादळात सापडतं, त्यात काहीतरी मोलाचं असतं आणि ते सगळं घेऊन जहाज नाहीसं होतं. मग कथा आजच्या काळात येते. पिट वेगळ्याच कामावर असतो, भलत्याच संकटात सापडतो आणि धागा हळूहळू त्या जुन्या जहाजापर्यंत जातो.

वाचक सर्वांत जास्त कशाबद्दल बोलतात, तर या पहिल्या प्रकरणाबद्दल. पिट आवडत नाही म्हणणाऱ्यांनाही ती दहा-पंधरा पानं आवडलेली असतात. आमचंही मत तेच. या कादंबऱ्यांत जीव ओतून लिहिलेलं जे काही आहे, ते बुडालेल्या जहाजांभोवती आहे. खलनायक विसरले जातात, जहाजं लक्षात राहतात. म्हणून पुस्तक निवडताना आतलं जहाज कोणतं, हे आधी बघा.

टायटॅनिकचं पुस्तक

'रेझ द टायटॅनिक!' (१९७६) या पुस्तकाने कसलर यांचं नाव सगळीकडे पोचवलं. अमेरिकेला क्षेपणास्त्रांपासून बचाव करणारी एक यंत्रणा उभी करायची आहे, त्यासाठी एक अतिदुर्मीळ खनिज हवं आहे, आणि ते खनिज टायटॅनिकच्या तिजोरीत बुडालं असावं असा माग लागतो. खनिज काढायचं तर जहाजच वर आणायचं, असं ठरतं. पुढची शेकडो पानं हे काम कसं करायचं यावर आहेत : जहाज शोधणं, भोकं बुजवणं, आत हवा भरणं, आणि तेही रशियन हेरांची नजर असताना.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा : टायटॅनिक तर दोन तुकड्यांत बुडालं होतं, मग ते अख्खं वर कसं येईल? आक्षेप खरा आहे, पण पुस्तकाचं साल बघा. जहाजाचे अवशेष सापडले १ सप्टेंबर १९८५ ला, रॉबर्ट बॅलार्ड आणि झाँ-लुई मिशेल यांच्या मोहिमेत, सुमारे ३,८०० मीटर खोलीवर. म्हणजे पुस्तकानंतर नऊ वर्षांनी. तोपर्यंत १९१२ च्या ब्रिटिश चौकशीचा निष्कर्ष चालत होता, आणि त्यात जहाज अखंड बुडालं असंच म्हटलं होतं. वाचलेल्या काही प्रवाशांनी ते डोळ्यांदेखत तुटल्याचं सांगितलं होतं, त्यांचं म्हणणं ग्राह्य धरलं गेलं नाही. कसलर यांनी त्या काळच्या माहितीवर विश्वासून लिहिलं. दहा मीटर खाली गेलं की एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे त्या खोलीवर तो पृष्ठभागावरच्या दाबाच्या जवळपास ३८० पट. हे मनात ठेवून वाचलं तर पाणबुडीच्या काचेला तडा जाण्याच्या नुसत्या शक्यतेनेही अंगावर काटा येतो. यंत्रं, पंप, दाब, झडपा यांत रमणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर न्यावं. आम्ही ते आजही बिनधास्त सुचवतो.

खरी जहाजं असलेली आणखी काही

'नाइट प्रोब!' (१९८१) हे आमच्या मते मालिकेतलं सर्वांत नेटकं पुस्तक. त्यात १९१४ चा एक गुप्त करार आहे. त्याची एक प्रत 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' या जहाजाबरोबर बुडते, तर दुसरी एका रेल्वेगाडीबरोबर गडप होते. करार काल्पनिक आहे, जहाज खरं. २९ मे १९१४ च्या पहाटे कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीत, धुक्यात, कोळसा वाहणाऱ्या 'स्टॉर्स्टाड'ने त्याला धडक दिली आणि सुमारे १४ मिनिटांत ते बुडालं. १,०१२ माणसं गेली. एवढा मोठा अपघात, पण टायटॅनिकच्या मानाने त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. पिट त्या अवशेषांत उतरतो ती प्रकरणं वाचून बऱ्याच सभासदांनी खऱ्या अपघाताबद्दलही पुस्तकं मागितली, यातच काय ते आलं.

'सायक्लॉप्स' (१९८६) मध्ये त्याच नावाचं अमेरिकी नौदलाचं जहाज आहे. ते मार्च १९१८ मध्ये मँगनीजचं खनिज भरून निघालं आणि ३०६ माणसांसह बेपत्ता झालं. अजून सापडलेलं नाही. 'आर्क्टिक ड्रिफ्ट' (२००८) फ्रँकलिन मोहिमेच्या 'एरेबस' आणि 'टेरर' या जहाजांवर उभी आहे. १८४५ मध्ये ब्रिटनहून निघालेली ही जहाजं उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकली आणि मोहिमेतले १२९ जण कधीच परतले नाहीत. कादंबरी आल्यानंतर, २०१४ मध्ये 'एरेबस' आणि २०१६ मध्ये 'टेरर' सापडलं. आज ही कादंबरी वाचणाऱ्याला कल्पना आणि वास्तव शेजारी ठेवून पाहता येतं.

'सहारा' आणि 'इन्का गोल्ड'

मालिकेच्या चाहत्यांना सर्वांत आवडतं पुस्तक विचारलं की या दोघांपैकी एकाचं नाव हमखास येतं.

'सहारा' (१९९२) मध्ये अमेरिकी यादवी युद्धातली एक लोखंडी युद्धनौका चक्क आफ्रिकेच्या वाळवंटात आहे. समुद्रकथेत समुद्र कमी आणि वाळू जास्त, अशी काहींची तक्रार असते. आम्हाला ती मान्य नाही, कारण या पुस्तकातली सर्वांत देखणी सफर वाळूवरच होते. पिट आणि जिओर्डिनो पाण्याविना मरायला टेकलेले असताना त्यांना १९३१ मध्ये कोसळलेलं एक छोटं विमान सापडतं. त्याच्या सांगाड्यातून ते शिडाची गाडी बनवतात आणि वाऱ्याच्या जोरावर वाळवंट कापत निघतात. कुठला भाग कुठे बसवला, शीड कसं ताणलं, वळवायचं कसं, हे सगळं इतकं तपशिलात येतं की वाचणाऱ्याला वाटावं, आपणही ती बनवू शकू. कसलर तरुणपणी अमेरिकी हवाई दलात विमानांचे मेकॅनिक होते. त्या पानांत तो हात दिसतो. २००५ मध्ये यावर चित्रपट आला. चित्रपट पाहून मत बनवलेल्यांनी पुस्तकाला एक संधी द्यावी, ही आमची मनापासून विनंती.

'इन्का गोल्ड' (१९९४) मध्ये सोळाव्या शतकातलं एक खजिन्याचं जहाज त्सुनामीच्या लाटेने उचलून जंगलात नेऊन टाकलेलं आहे, आणि उत्तरार्धात जमिनीखालच्या नदीतला एक जीवघेणा प्रवास आहे. अंधार आणि बंदिस्त जागा यांची भीती असणाऱ्यांनी हे पुस्तक झोपण्याआधी वाचू नये.

तक्रारी, आणि त्यावर आमचं म्हणणं

'पिट कधीच हरत नाही.' खरं आहे. त्याला मार बसतो, हाडं मोडतात, पण तो मरणार नाही हे पहिल्या पानापासून माहीत असतं. उत्सुकता असते ती तो सुटणार कसा याची. ज्यांना नायकाच्या मनातली उलघाल हवी, त्यांनी ही मालिका घेऊ नये. आम्ही दुसरं काहीतरी सुचवू.

'स्त्रियांचं चित्रण खटकतं.' ही तक्रार आम्ही गांभीर्याने घेतो. 'द मेडिटरेनियन केपर' (१९७३) आणि 'आइसबर्ग' (१९७५) या पहिल्या दोन पुस्तकांत पिटचं स्त्रियांशी वागणं आज वाचवत नाही. जुना काळ म्हणून सोडून द्यावं, असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. पुढच्या पुस्तकांत हे बरंच सुधारतं. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य लॉरेन स्मिथ यांच्यासारखी स्वतःचं डोकं चालवणारी पात्रं येतात. पहिल्या पुस्तकापासून क्रमाने वाचायचा आग्रह आम्ही धरत नाही, तो मुख्यतः यामुळे.

'लेखक स्वतःच कथेत येतो.' 'ड्रॅगन' (१९९०) पासून कसलर नावाचे एक गृहस्थ अडचणीच्या वेळी पिटला भेटतात, मदत करतात आणि निघून जातात. काहींचा रसभंग होतो, काही त्या पानाची वाटच बघतात. आम्हाला ती भेट आवडते.

'नंतरची पुस्तकं वेगळी वाटतात.' वाटणारच. 'ब्लॅक विंड' (२००४) पासून मुलगा डर्क कसलर सहलेखक आहे (नायकाचं नाव या मुलावरूनच ठेवलेलं), आणि २०२० मध्ये क्लाइव्ह कसलर गेल्यावर मालिका तोच पुढे चालवतो आहे. या पुस्तकांत कथेचे धागे जास्त आणि पिटच्या वाट्याची पानं कमी. वेग टिकून आहे, पण जुन्या पुस्तकांतला यंत्रांचा रांगडा सोस थोडा ओसरला आहे.

क्रम पाळावा का?

२००१ पर्यंतची पुस्तकं कशीही वाचा, प्रत्येकाची कथा स्वतंत्र आहे. 'पॅसिफिक व्होर्टेक्स!' सर्वांत आधी लिहिलं गेलं, पण छापलं गेलं १९८३ मध्ये. ते कधीही घ्या. मात्र 'वल्हाला रायझिंग' (२००१) आणि 'ट्रोजन ओडिसी' (२००३) याच क्रमाने वाचा, आणि ती वाचल्याशिवाय २००४ पासूनच्या पुस्तकांना हात लावू नका. पिटच्या आयुष्यात इथे मोठे बदल होतात, आणि पुढच्या पुस्तकांच्या मलपृष्ठावरच ते उघड केलेले आहेत. आमच्याकडे त्या पुस्तकांना निळी पट्टी लावलेली आहे, ती याचसाठी.

कर्ट ऑस्टिन (१९९९ पासून), 'ओरेगन' जहाज (२००३ पासून), आयझॅक बेल (२००७ पासून) आणि फार्गो दांपत्य (२००९ पासून) यांच्यावरच्या मालिकाही कसलर यांच्याच, पण त्या वेगळ्या आहेत आणि वेगळ्या खणात मिळतील. सहलेखकही वेगवेगळे आहेत.

खरी 'नुमा'

हे बहुतेकांना माहीत नसतं. कादंबरीतल्या संस्थेचं नाव घेऊन कसलर यांनी १९७९ मध्ये खरीखुरी ना-नफा संस्था काढली आणि पुस्तकांतून मिळालेला पैसा बुडालेली जहाजं शोधण्यात घातला. तिचं सर्वांत गाजलेलं यश म्हणजे 'हनली' ही पाणबुडी. साधारण चाळीस फूट लांबीची लोखंडी नळी. आत आठ माणसं, त्यातली सात हाताने दांडा फिरवून ती पुढे ढकलणार आणि एक जण दिशा सांभाळणार. अमेरिकी यादवी युद्धात, १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री तिने अमेरिकेतल्या चार्ल्स्टन बंदराबाहेर 'हुसाटॉनिक' ही युद्धनौका बुडवली. शत्रूची युद्धनौका बुडवणारी ती पहिली पाणबुडी, पण स्वतःही परतली नाही. १९९५ मध्ये नुमाच्या पथकाने तिचा ठावठिकाणा पक्का केला आणि ८ ऑगस्ट २००० ला ती पाण्याबाहेर आली. आठही जणांचे अवशेष आत होते, आपापल्या जागेजवळ.

या शोधमोहिमांवरचं 'द सी हंटर्स' (१९९६) हे पुस्तक काल्पनिक नाही. न्यूयॉर्कच्या सागरी महाविद्यालयाने ते प्रबंधाच्या जागी मानून कसलर यांना डॉक्टरेट दिली. कादंबऱ्यांतला पिट अतिरंजित वाटतो त्यांनी आधी हे न्यावं. शोधायला निघालं की बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, हे त्यात प्रांजळपणे लिहिलेलं आहे, आणि ते वाचल्यावर कादंबऱ्यांतलं समुद्रप्रेम कुठून आलं ते कळतं.

वाचताना हाताशी असू द्या

पुस्तकं इंग्रजीत आहेत, भाषा सोपी आहे, अडखळायला होतं ते मोजमापांपाशी. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा वीस नॉट म्हणजे ताशी सुमारे सदतीस किलोमीटर. एक फॅदम म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर. पाणबुड्या, म्हणजे पाण्यात बुडी मारणारा माणूस, खोलातून वर येताना मध्येच थांबून राहतो, ते दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून. घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होऊन जीव जाऊ शकतो. पिटला तेवढा वेळ सहसा मिळत नाही.

पुस्तक नेताना

या मालिकेतली दोन पुस्तकं एकदम नेता येतात. पहिल्यांदाच वाचत असाल तर 'नाइट प्रोब!' किंवा 'सहारा' मागा, दोन्हींच्या जास्तीच्या प्रती ठेवल्या आहेत. पन्नास पानांनंतरही मन रमलं नाही तर पुस्तक परत आणा, लगेच बदलून देऊ. परत करताना आवडलं-नावडलं ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. पुढच्या वाचकाला पुस्तक सुचवताना आम्ही त्या चिठ्ठ्या बघतो. फक्त शेवट लिहू नका.