प्रीप्रिंट आणि पिअर रिव्ह्यू झालेला पेपर: कुणी नेमकं काय तपासलेलं असतं?

विद्यापीठातल्या एखाद्या संशोधनाची बातमी आली की दोन वाक्यं हमखास वाचायला मिळतात. पहिलं, "संशोधनातून सिद्ध झालं." प्रत्यक्षात तो पेपर लेखकांनी दोनच दिवसांपूर्वी स्वतः संकेतस्थळावर चढवलेला असतो. दुसरं त्यावर उत्तर म्हणून येतं: "पिअर रिव्ह्यू झालेला नाही ना, मग सोडून द्या." पहिल्या वाक्यातली घाई बहुतेकांच्या लक्षात येते. दुसऱ्यातली गफलत येत नाही आणि मला तीच जास्त घातक वाटते, कारण ती सावधपणासारखी दिसते. पिअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या जाणकारांनी छपाईआधी केलेली तपासणी, हा खरेपणाचा शिक्काच, ही समजूत दोन्ही वाक्यांच्या मुळाशी आहे. पहिल्यात शिक्का बसायच्या आधीच बसला असं धरलेलं असतं, दुसऱ्यात शिक्का नाही म्हणून माल खोटा ठरवलेला असतो.

जर्नलमधला पेपर काय असतो हे वाचकांना माहीत आहे. लेखक पाठवतात, संपादक त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे (हेच रिव्ह्यूअर) तो देतात, त्यांच्या शेऱ्यांनुसार दुरुस्त्या होतात आणि मग तो छापला जातो किंवा परत येतो. प्रीप्रिंट म्हणजे हे सगळं व्हायच्या आधी लेखकांनी जगासमोर ठेवलेला तोच मजकूर. त्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे 'आर्काइव्ह' (arXiv) हे संकेतस्थळ. पॉल गिन्सपार्ग यांनी ती १९९१ मध्ये लॉस अलामॉस इथे सुरू केली, २००१ मध्ये ती कॉर्नेल विद्यापीठाकडे गेली. मजकूर विषयाला धरून आहे का, शास्त्रीय लेखनासारखा आहे का, एवढं तिथले नियामक पाहतात. त्यापुढे काही नाही. मांडणी, डीओआय क्रमांक, पान क्रमांक, फुकट की पैसे भरून, हे बाकीचे फरक ग्रंथपालांच्या कामाचे. वाचकानं त्यात वेळ घालवू नये.

खरा घोळ होतो तो "रिव्ह्यू झाला" म्हणजे काय झालं, इथे.

रिव्ह्यूअरच्या हातात काय असतं ते आधी पाहू. एक पीडीएफ, सोबत कदाचित पुरवणी, काही आठवड्यांची मुदत आणि स्वतःचं रोजचं काम. या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत. तो प्रयोगशाळेत जात नाही, सर्वेक्षणातल्या माणसांना फोन करत नाही, मूळ आकडे तर अनेकदा त्याच्यासमोर नसतातच. बारावीच्या प्रॅक्टिकलचं जर्नल आठवा. सर तक्ता बघतात, आलेख बघतात, उत्तर अपेक्षित जागी येतंय ना ते बघतात आणि सही करतात. रीडिंग तुम्ही घेतलंत की शेजारच्याचं उतरवलंत, हे त्या पानावरून कळायला मार्ग नसतो. रिव्ह्यूअरही पानावर जे आहे तेच तपासू शकतो: युक्तिवाद जुळतो का, पद्धत योग्य आहे का, आधीच्या कामाची दखल घेतली आहे का, दाव्यात काही नवं आहे का.

म्हणून कोणताही पेपर समोर आला की मी आधी एकच गोष्ट पाहतो: याचा पुरावा पानावर आहे की पानामागे? प्रीप्रिंट की जर्नल, हा प्रश्न त्यानंतरचा.

२०२३ हे एकच वर्ष घ्या. विषयही एकच, खोलीच्या तापमानाला चालणारा अतिवाहक, म्हणजे विजेला कसलाच रोध न करणारा पदार्थ. तो सापडला तर वीजवहनातली गळती थांबेल, म्हणून ऊर्जा क्षेत्राचे डोळे तिकडे लागलेले असतात. मार्चमध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले रंगा डायस आणि सहकाऱ्यांचा पेपर 'नेचर'मध्ये आला. ल्युटेशियम हायड्राइडमध्ये थोडा नायट्रोजन घातला की २१ अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या सुमारे दहा हजार पट दाबाखाली तो अतिवाहक होतो, असा दावा होता. जर्नल नामांकित, रीतसर रिव्ह्यू झालेला. जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटानं 'एलके-९९' नावाच्या पदार्थाचा दावा थेट आर्काइव्हवर टाकला. रिव्ह्यू शून्य.

प्रीप्रिंटचा निकाल तीन-चार आठवड्यांत लागला. कारण त्यात कृती होती: शिशाच्या संयुगांपासून लॅनार्काइट बनवा, तांबं आणि फॉस्फरसपासून कॉपर फॉस्फाइड बनवा, दोन्ही एकत्र करून ९२५ अंशांवर तापवा. सामान बऱ्याच प्रयोगशाळांत मिळण्यासारखं होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनं ते बनवून पाहिलं, अतिवाहकता दिसली नाही. मला सर्वांत आवडतो तो इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांनी पकडलेला धागा. मूळ मजकुरात रोध एकदम खाली येण्याचं तापमान १०४.८ अंश दिलं होतं. जैन यांनी कॉपर सल्फाइडवर काम केलेलं. हा पदार्थ साधारण त्याच तापमानाला आपली रचना बदलतो आणि त्याचा रोध घसरतो, हे त्यांना ठाऊक होतं. एलके-९९ बनवताना कॉपर सल्फाइडची भेसळ उरते. पुढे जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत भेसळ नसलेले स्फटिक बनवले, तर ते चक्क विद्युतरोधक निघाले. एका छापील आकड्यावरून दाव्याचा धागा उसवत गेला, आणि तो आकडा पानावर होता म्हणूनच हे जमलं.

'नेचर'मधला पेपर मागे घ्यायला मात्र नोव्हेंबर उजाडला. बहुतेक सहलेखकांनीच तशी विनंती केली होती. त्याच गटाचा 'नेचर'मधला २०२० चा अतिवाहकतेचा पेपर २०२२ मध्ये आधीच मागे घेतला गेला होता. पुढे विद्यापीठाच्या चौकशीत संशोधनात गैरप्रकार झाल्याचा निष्कर्ष निघाला. इथे आलेख पानावर होते, पण ते ज्या मोजमापांवर उभे होते ती पानामागे होती. तिथवर रिव्ह्यूअरचा हात पोचत नाही. दोन्ही दावे पडले. पण पिअर रिव्ह्यू हाच निकष धरून बसलेल्या वाचकानं मार्चमधल्या बातमीवर विश्वास ठेवला असता आणि जुलैमधल्या बातमीकडे पाहिलंही नसतं.

गणिताकडे वळलं की हा फरक आणखी लख्ख दिसतो. गणितात पुरावा म्हणजेच मजकूर, त्याच्या मागे काही दडलेलं नसतं. ग्रिगोरी पेरेलमान यांनी २००२ आणि २००३ मध्ये तीन प्रीप्रिंट आर्काइव्हवर टाकले आणि पोआंकारे अनुमानाचा जवळपास शतकभर अडलेला प्रश्न सोडवला. त्यांनी ते कोणत्याही जर्नलला कधीच पाठवले नाहीत. गणितज्ञांच्या वेगवेगळ्या गटांनी काही वर्षं खर्चून ओळ न् ओळ तपासली आणि सिद्धता टिकली. २००६ चं फील्ड्स पदक आणि २०१० चं दहा लाख डॉलरचं क्ले पारितोषिक त्यांनी नाकारलं ही गोष्ट वेगळी. पण ती देऊ केली गेली ती प्रीप्रिंटवर विसंबून, हे त्या चर्चेत हरवून जातं.

आपल्याकडचं उदाहरण तितकंच बोलकं आहे. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि नुकतंच बीटेक झालेले नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी, एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणारी खात्रीची आणि पॉलिनोमियल वेळेत, म्हणजे संख्या खूप मोठी झाली तरी आवाक्यातल्या वेळेत, चालणारी पद्धत मांडली. मजकूर छोटा, मांडणी स्वच्छ. तज्ज्ञांना काही दिवसांतच तो बरोबर असल्याची खात्री पटली. 'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये तो आला २००४ मध्ये. मधल्या दोन वर्षांत "अजून रिव्ह्यू व्हायचाय" म्हणून त्याला बाजूला ठेवणाऱ्या माणसाचं नुकसानच झालं असतं.

उलटंही घडतं. क्योतो विद्यापीठाच्या शिनिची मोचिझुकी यांनी २०१२ मध्ये एबीसी अनुमानाची सिद्धता म्हणून शेकडो पानं प्रसिद्ध केली. २०१८ मध्ये पीटर शोल्झे आणि याकोब स्टिक्स हे गणितज्ञ क्योतोला जाऊन त्यांच्याशी बोलले आणि उपसिद्धान्त ३.१२ पाशी युक्तिवाद तुटतो, असं त्यांनी लेखी मांडलं. तरी २०२१ मध्ये ते लेखन रिव्ह्यू होऊन छापून आलं, मोचिझुकींच्याच संस्थेच्या जर्नलमध्ये. त्या निर्णयातून ते बाजूला राहिले होते. आजही बहुतेक गणितज्ञ ही सिद्धता मान्य करत नाहीत. छपाईनं त्या ३.१२ पाशी एक ओळही पुढे सरकली नाही.

सामाजिक शास्त्रांत पुरावा बहुतांश पानामागे असतो, म्हणून तिथे मी सर्वांत जास्त सावध असतो, प्रीप्रिंट असो की जर्नल. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा पेपर सांगत होता की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येतो. सरकारी खर्चाला कात्री लावण्याच्या बाजूनं हा आकडा जगभर वापरला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातल्या अभ्यासासाठी तोच निकाल पुन्हा काढायचा होता, पण निघेना. त्यानं लेखकांकडे एक्सेल फाइल मागितली, ती मिळाली आणि २०१३ मध्ये गोष्ट उघड झाली. सरासरीचं सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं, ते ४४ व्या ओळीला थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबातच आले नव्हते. त्याशिवाय काही वर्षांचे आकडे गाळलेले होते आणि देशांना दिलेलं वजनही वादग्रस्त होतं. सगळं दुरुस्त केल्यावर हर्नडन आणि त्याच्या शिक्षकांना सरासरी मिळाली अधिक २.२ टक्के. हा पेपर 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'च्या परिषद-अंकात आला होता आणि त्या अंकातल्या लेखांचा नेहमीसारखा रिव्ह्यू होत नसे. जर्नलचं नाव पाहून रिव्ह्यू झालाच असेल असं गृहीत धरणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. पण रीतसर रिव्ह्यू झाला असता तरी ती फाइल कुणी उघडली असती, असं मला वाटत नाही.

मानसशास्त्रात तर हे मोजूनच पाहिलं गेलं. नामांकित जर्नलांतल्या १०० अभ्यासांचे प्रयोग पुन्हा केले, त्याचा निकाल २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम सांख्यिकीयदृष्ट्या ठळक होता, पुन्हा करताना तो ३६ टक्क्यांतच दिसला. हे सगळे अभ्यास रिव्ह्यूतून गेलेले होते.

आता प्रीप्रिंटच्या बाजूची घाई. २०२४ च्या अखेरीस एआयमुळे एका मोठ्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना ४४ टक्के जास्त नवे पदार्थ सापडू लागले, असं सांगणारा एमआयटीतल्या एका विद्यार्थ्याचा प्रीप्रिंट आला. नामवंत अर्थतज्ज्ञांनी कौतुक केलं, वृत्तपत्रांनी उचलून धरलं. मे २०२५ मध्ये एमआयटीनं जाहीर केलं की या पेपरमधल्या आकड्यांच्या उगमावर आणि सत्यतेवर आपला विश्वास नाही, तो मागे घ्यावा. पुरावा पूर्णपणे पानामागे, एका अनामिक कंपनीत. अशा प्रीप्रिंटवर "सिद्ध झालं" लिहिणं हा बेजबाबदारपणाच आहे. तोच मजकूर गणिती सिद्धतेचा असता तर मी इतकं कडक बोललो नसतो.

कम्प्युटर सायन्सबद्दल थोडक्यात. तिथे जर्नलपेक्षा परिषदांना मान, आणि रिव्ह्यूत नशिबाचा वाटा किती हे त्या क्षेत्रानं स्वतःच मोजलं. मशीन लर्निंगच्या निप्स परिषदेनं २०१४ मध्ये आलेल्या पेपरांपैकी सुमारे एक दशांश पेपर दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले. एकीनं निवडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीनं नाकारले. तेव्हा या क्षेत्रात कोड आणि डेटा खुला आहे का, हे परिषदेच्या नावाआधी पाहावं.

कायद्याच्या संशोधनात तर पिअर रिव्ह्यू झाला का, हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही. १८८७ मध्ये सुरू झालेल्या 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'सकट अमेरिकेतली बहुतेक लॉ रिव्ह्यू, म्हणजे कायद्याची जर्नलं, विद्यार्थी चालवतात. लेख तेच निवडतात आणि प्रत्येक तळटीप मूळ निकालपत्राशी ताडून पाहतात. ही तपासणी फार मोलाची आहे आणि ती बऱ्याच शास्त्रीय जर्नलांत होत नाही.

आपल्याकडे हा गोंधळ महागात पडला आहे, कारण प्राध्यापकांची बढती आणि पीएचडी या शिक्क्याशी बांधली गेली. मुखपृष्ठावर "पिअर रिव्ह्यूड" छापून पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं त्यातून उभी राहिली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली जर्नलं तपासली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी दाखवलं की तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक जर्नलं साध्या निकषांतही बसत नव्हती. मग २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली आणि २०२५ मध्ये ती बंद करून निवड पुन्हा संस्थांवर सोपवली गेली. माझ्या मते यादी असो वा नसो, मुलाखतीच्या टेबलावर पेपर उघडून "यातले आकडे कुठे ठेवलेत?" असं विचारलं जात नाही तोवर फारसं बदलणार नाही.

बातमी लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी दोन ओळींची आहे. "संशोधनातून सिद्ध झालं" ऐवजी असं लिहा: "अमुक विद्यापीठाच्या गटानं हा दावा अमुक तारखेला प्रीप्रिंट म्हणून (किंवा अमुक जर्नलमध्ये) मांडला आहे. मूळ आकडे खुले आहेत (किंवा नाहीत) आणि दुसऱ्या कुणी तो पुन्हा करून पाहिलेला आहे (किंवा नाही)."