मिनी अंगणवाडी: एका निकषाची पार्श्वभूमी

राज्यातल्या १३,०११ मिनी अंगणवाड्यांना पूर्ण अंगणवाडीचा दर्जा देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः मानधनाची. ते साहजिकच होतं. पण ‘मिनी’ हा प्रकार अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास योजनेत आला कुठून आणि त्यामुळे दुर्गम पाड्यांवरच्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वाट्याला काय आलं, हे बाजूलाच राहिलं. मिनी म्हणजे खोली लहान किंवा मुलं लहान, असा अर्थ नाही. मिनी म्हणजे मदतनीस नसलेली अंगणवाडी. सगळा गुंता या न भरलेल्या, किंबहुना मंजूरच न केलेल्या, एका पदात आहे.

मुळात ‘अंगणवाडी’ हा शब्दच चालण्याशी जोडलेला आहे. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत बालवाडीचं काम सुरू झालं. बालवाडी उघडली की मुलं येतील, ही शहरातली समजूत वारली पाड्यांवर टिकली नाही. मुलं येत नव्हती, म्हणून शिक्षिकाच पाड्यावर जाऊन एखाद्या घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात बसू लागल्या. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी आणि खेळ. साहित्य म्हणजे खडे, बिया, पानं, शिंपले, कारण महागड्या लाकडी साधनांची पेटी डोक्यावर घेऊन पाडे फिरता येत नाहीत. म्हणून ती अंगणवाडी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा आणखी एक अडचण दिसली. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ आहे. त्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथे मोठ्या माणसाने जायचं, ही या सगळ्यामागची एकच धारणा.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला आले दोन: मुंबईतली धारावी आणि मेळघाटातलं धारणी. योजनेने शब्द अंगणवाडीचा घेतला, दिशा मात्र उलटी झाली. आता अंगणवाडी म्हणजे ‘केंद्र’, आणि केंद्राकडे यायचं ते मुलाने. शहरात किंवा सलग वस्तीच्या गावात याने फारसा फरक पडत नाही. पाड्यांच्या मुलखात सगळाच फरक पडतो.

केंद्र कुठे द्यायचं हे ठरलं लोकसंख्येवर. सुरुवातीचा निकष सर्वसाधारण भागात हजार लोकांमागे एक आणि आदिवासी भागात सातशेमागे एक असा होता. सातशे ही सवलत वाटते. पण मोजणीचा पाया महसुली गाव हा होता आणि डोंगरी भागात एका महसुली गावात पाच-सात पाडे असतात. सातही पाड्यांची माणसं मिळून सातशे भरली की गावाला एक अंगणवाडी मिळे. ती बसे मुख्य वस्तीत, जिथे रस्ता, ग्रामपंचायत आणि शाळा असते तिथे. कागदावर गाव ‘समाविष्ट’ झालं आणि ओढ्यापलीकडचे चार पाडे बाहेर राहिले.

इथे वस्तीचा घाटही लक्षात घ्यायला हवा, जो निकषात कुठेच येत नाही. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या ढाण्यात, म्हणजे वस्तीत, घरं समोरासमोर दोन ओळींत असतात. दीडशे माणसांचा ढाणा पाच मिनिटांत फिरून होतो. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यात प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, टेकडीच्या वेगवेगळ्या उतारावर. तिथे तेवढ्याच दीडशे माणसांची घरं गाठायला अख्खी सकाळ जाते. लोकसंख्या सारखी, अंतर कितीतरी पट.

निकष हलला तो न्यायालयामुळे. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला प्रत्येक वस्तीत केंद्र हवं, असं सांगितलं. योजनेच्या इतिहासात ‘गाव’ सोडून ‘वस्ती’ हा शब्द ठामपणे आला तो इथे. २००४ मध्ये देशातल्या केंद्रांची संख्या सहा लाखांवरून चौदा लाखांवर नेण्याचा आदेश झाला. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात त्याला मुदत पडली, डिसेंबर २००८. त्याच आदेशात आणखी एक वाट उघडली: सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं असलेल्या पण अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केली, तर तीन महिन्यांत केंद्र मिळालं पाहिजे.

मागणीनुसार अंगणवाडी ही तरतूद ऐकायला सोपी आहे. वस्तीने मुलांची यादी करायची, जन्मतारखांसह. ती अर्जासोबत बालविकास प्रकल्प कार्यालयात द्यायची आणि पोच घ्यायची, कारण तीन महिने पोचेच्या तारखेपासून मोजता येतात. ग्रामसभेचा ठराव सोबत असला तर अर्जाला वजन येतं. बिघडतं ते यादीत. बाळंतपण घरी झालेल्या मुलांची जन्मनोंद नसते, आणि नोंद नसलेलं मूल पडताळणीत गळतं. दुसरं कारण हंगामाचं. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर, ऊसतोडीला, बांधकामावर जातात आणि होळीच्या सुमारास किंवा त्यानंतर परततात. पडताळणी जानेवारीत झाली तर बावन्न मुलांच्या वस्तीत तीसच सापडतात आणि अर्ज फेटाळायला कारण मिळतं. म्हणून यादी पावसाळ्यात, घरं भरलेली असताना करावी आणि पडताळणीही तेव्हाच मागावी.

चाळीस हा आकडाही तपासून पाहण्यासारखा आहे. वस्तीत सहा वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण ढोबळमानाने पंधरा टक्के धरलं, तर चाळीस मुलं व्हायला पावणेतीनशेच्या आसपास माणसं लागतात. डोंगरातले बरेचसे पाडे त्याहून लहान आहेत. त्यांच्यासाठी काय, या प्रश्नाचं प्रशासनाने दिलेलं उत्तर म्हणजे मिनी अंगणवाडी.

२००८ मध्ये विस्ताराच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली आणि पुढची बरीच वर्षं टिकलेले आकडे पक्के झाले. सर्वसाधारण भागात ४०० ते ८०० लोकांना एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० लोकांना मिनी. आदिवासी, डोंगरी, वाळवंटी आणि नदीकाठच्या दुर्गम भागात ३०० ते ८०० लोकांना एक आणि १५० ते ३०० लोकांना मिनी. पूर्ण केंद्रात सेविका आणि मदतनीस; मिनीत फक्त सेविका, तीही कमी मानधनावर. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१८ च्या मानधनवाढीनंतरही सेविकेला ४,५०० आणि मिनी सेविकेला ३,५०० रुपये, असा भेद राहिला, मदतनिसाचे २,२५०.

हा निर्णय चुकीचा होता का, यावर अजून एकमत नाही. बाजू घेणारे म्हणतात की दीडशेच्या पाड्यात सहा वर्षांखालची बावीस-तेवीसच मुलं असतात, त्यांतली तीन ते सहा वयाची अकरा-बारा. एवढ्या मुलांसाठी दोन पदांचा आग्रह धरला असता तर एकही पद मंजूर झालं नसतं. मिनी मिळाली म्हणून निदान वजनकाटा पाड्यावर पोहोचला. या म्हणण्यात तथ्य आहे. मिनी नसती तर त्या पाड्यांवर काहीच नसतं.

पण हिशोब मुलांच्या संख्येवर केला गेला, कामांच्या संख्येवर नाही. अकरा मुलं असोत की तीस, केंद्र उघडणं, झाडणं, पाणी आणणं, मुलांना घरोघरी जाऊन गोळा करणं, आहार शिजवणं, वाढणं, भांडी, शाळापूर्व शिक्षण, वजन-उंची, गृहभेटी आणि नोंदी ही कामं तितकीच राहतात. नोंदवह्याच अकरा होत्या. पुढे त्यांच्या जागी मोबाइल आला, म्हणजे नोंदीसोबत नेटवर्क शोधायला टेकडीवर जाणंही आलं. केंद्र रोज चार तास चालतं असं धरा. मुलं आणण्यात पाऊण-एक तास, स्वयंपाक आणि वाढण्यात दीड तास, नोंदीत अर्धा. उरलेल्या तासात भाषेचे खेळ, मोजणी, चित्रं आणि गाणी बसवायची आणि त्याच वेळी चुलीवर लक्ष ठेवायचं. चूल आणि मुलं एकाच खोलीत असली की अनुभवी सेविका मुलांना ओळीत बसवून ठेवते. यात तिचा आळस नाही, तिला भाजण्याची भीती असते. बाहेरून तपासणीला आलेल्याला मात्र ‘मुलं नुसती बसलेली’ दिसतात.

मदतनिसाच्या ठरलेल्या कामांत मुलांना घरून आणणं हे एक आहे. म्हणजे बोर्डीच्या अंगणवाडीतला चालण्याचा भाग योजनेत जेवढा उरला होता, तो मदतनिसाच्या पदात उरला होता. सर्वांत विखुरलेल्या, सर्वांत दूरच्या वस्त्यांसाठी केंद्राचा नवा प्रकार काढताना नेमकं तेच पद वगळलं गेलं. जिथे मुलं आणायला माणूस सर्वांत जास्त हवा, तिथे तो नव्हता. यापेक्षा नेमकी चूक करता आली नसती.

शिक्षण हक्क कायद्याशी तुलना केली की हे अधिक खुपतं. त्या कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असं अंतर लिहिलेलं आहे. सहा वर्षांच्या मुलासाठी अंतर मोजलं जातं. तीन वर्षांच्या मुलासाठी डोकी. आणि तीन वर्षांचं मूल ओढा ओलांडून एकटं जात नाही.

समावेशनाची, म्हणजे दिव्यांग मुलांना सामावून घेण्याची, चर्चा इथूनच सुरू व्हायला हवी, कारण जे मूल चालूच शकत नाही त्याच्यासाठी हे अंतर आणखी वाढतं. २०१३ पासून आरोग्य पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातले विलंब तपासतात. ती तपासतात ते त्या दिवशी हजर असलेल्या मुलाला. मान न धरणारं, ऐकू न येणारं, फेफरं येणारं मूल बहुधा त्या दिवशी घरीच असतं, आणि यादीत त्याच्यापुढे फक्त ‘गैरहजर’ लागतं. म्हणून पथकाची तारीख कळली की गैरहजर मुलांची वेगळी यादी करून त्यांना आणण्याची सोय आदल्या दिवशी करावी लागते. निदान झालं तरी पुढच्या उपचारांचं केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती आली. लक्षणं लवकर ओळखणं, मुलाला केंद्राच्या रोजच्या कामात घेणं आणि आशा, परिचारिका, पथक यांच्यामार्फत पुढे पाठवणं, अशी तिची मांडणी आहे. मांडणी चांगली आहे. प्रत्यक्षात मधला भाग हाताच्या कामाचा असतो. तोल न सांभाळणाऱ्या मुलाला दोन भिंतींच्या कोपऱ्यात, मागे गुंडाळलेली गोधडी देऊन बसवलं तर त्याचे हात खेळायला मोकळे होतात. गिळायला त्रास असेल तर खिचडी घोटून, मूल सरळ बसलेलं असताना, लहान चमच्याने द्यावी लागते. आडवं धरून भरवलं तर ठसका लागून घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. याला वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ बाकीच्या मुलांकडे दुसरं मोठं माणूस असावं लागतं. मिनी अंगणवाडीत ते नव्हतं. ‘आम्ही त्याला घेत नाही, घरी शिधा देतो’ हे उत्तर त्यामुळेच आलेलं आहे.

भाषेचा प्रश्न यालाच चिकटून आहे. कोरकू, माडिया, पावरी बोलणारं तीन वर्षांचं मूल प्रमाण मराठीतल्या गाण्यापुढे गप्प बसतं, आणि ते गप्प बसणं विकासातला विलंब म्हणून नोंदलं जाण्याचा धोका असतो. तपासणीची सूचना घरच्या भाषेत देऊन पाहिल्याशिवाय ती नोंद करू नये. २०२३ च्या भरती नियमांनी अर्ध्याहून जास्त मुलं मराठीशिवाय दुसरी भाषा बोलत असतील तिथे ती भाषा येणं आवश्यक केलं. गोंडी, कोरकू, पावरी यांचा त्यात उल्लेख आहे. त्याच नियमांनी बारावीची अटही आणली. लहान पाड्यात दोन्ही अटी पूर्ण करणारी बाई नेहमी मिळत नाही. शिवाय भाषेचं प्रमाण अख्ख्या केंद्रावर मोजलं जातं. मुख्य गावच्या केंद्राला जोडलेल्या पाड्यातली बारा मुलं तिसांत मोजली की अर्ध्याच्या खाली जातात आणि अट लागूच होत नाही.

२०२३ च्या दर्जावाढीने मदतनिसाचं पद मिनीच्या वाट्याला आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या केंद्रीय मोहिमेत विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी देशभरात २,५०० अंगणवाड्या धरल्या गेल्या. राज्यातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड त्यात येतात. दुसरीकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तीन ते सहा वय हा शालेय टप्प्याचा पाया मानला गेला आणि अंगणवाडी शाळेच्या आवारात नेण्याकडे कल वाढला. कोसबाडला एकाच आवाराचा फायदा झाला होता, पण तिथे पाड्यावर जाणंही चालू होतं. पाड्यावरचं केंद्र उचलून शाळेत नेलं तर लहान मुलाचं चालणं वाढतं.

दीडशेच्या खालचा पाडा मात्र या कुठल्याच फेरबदलात आला नाही. नव्वद माणसांच्या पाड्यात सहा वर्षांखालची तेरा-चौदा मुलं असतात. असा पाडा जवळच्या केंद्राला ‘जोडलेला’ म्हणून दाखवला जातो. तीन वर्षांखालच्या मुलांचा आणि गरोदर-स्तनदा मातांचा शिधा घरी न्यायचा असल्याने तो महिन्याला पोहोचू शकतो. तीन वर्षं पूर्ण झाली की नियमाने शिधा बंद होऊन केंद्रावरचा ५०० उष्मांकांचा गरम आहार सुरू होतो. केंद्र अडीच किलोमीटरवर असेल तर तिसऱ्या वाढदिवसापासून त्या मुलाचा शिधा थांबतो, आहार मिळत नाही आणि शाळापूर्व शिक्षणही नाही. यादीत ते मूल लाभार्थीच राहतं.