‘येस’ दाबायची सवय कुठून आली: घरच्या संगणकावरचे ॲडमिन अधिकार

ठाण्यात नौपाड्याला किंवा वाशी-नेरुळला कुणाच्याही घरातला संगणक चालू करून पाहा. त्यावर बहुधा एकच खातं असतं आणि त्या खात्याला घरातल्या कुणाचंच नाव नसतं. ‘ॲडमिन’, ‘यूजर’, नाहीतर सरळ मशीन बनवणाऱ्या कंपनीचं नाव. विंडोज टाकताना दुकानातल्या मुलाने जे टाइप केलं तेच कायम राहिलेलं. बाबांचं जीएसटी रिटर्न, मुलीचे प्रोजेक्ट, आजोबांच्या सहलीचे फोटो, सगळं त्याच खात्यातून चालतं. हे खातं ॲडमिन म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर दर्जाचं, संगणकात हवा तो बदल करू शकणारं. अधूनमधून स्क्रीन अंधारते, या ॲपला संगणकात बदल करू द्यायचे का असं विचारणारी चौकट येते, आणि जो समोर बसलेला असेल तो न वाचता ‘येस’ दाबून मोकळा होतो.

याला लोकांचा निष्काळजीपणा म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ही सवय लोकांना लावली गेली, आणि ती कशी लागली हे बघायला बरंच मागे जावं लागतं.

एका संगणकावर अनेकांनी काम करायचं म्हटलं की कोण काय करू शकतो हे ठरवावंच लागतं. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सीटीएसएस ही अशी सामायिक प्रणाली होती आणि तिच्यावर पासवर्डही होते. १९६२ मध्ये तिथल्याच ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला मशीनवर वाट्याला येणारा वेळ पुरेना, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली. पासवर्डची चोरी जवळपास पासवर्डइतकीच जुनी आहे, ती अशी.

१९६९ पासून अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत घडत गेलेल्या युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीमध्ये ‘रूट’ हा सर्वाधिकारी आणि बाकीचे साधे वापरकर्ते अशी स्पष्ट विभागणी झाली. अडचण लगेच आली. पासवर्डची फाइल फक्त रूटने बदलायची, तर साध्या माणसाने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? डेनिस रिची यांनी यावर तोड काढली: एखाद्या प्रोग्रॅमवर अशी खूण करायची, की तो चालवणारा कुणीही असो, प्रोग्रॅम आपल्या मालकाच्या अधिकाराने चालेल. या युक्तीचं पेटंटही १९७९ मध्ये मंजूर झालं. १९७५ मध्ये साल्ट्झर आणि श्रोडर या एमआयटीच्या दोघांनी एका निबंधात तत्त्व मांडलं, की प्रत्येक वापरकर्त्याला आणि प्रत्येक प्रोग्रॅमला कामापुरतेच अधिकार असावेत. १९८० च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात ‘सूडू’ तयार झालं. सर्वाधिकारी म्हणून लॉगिन न करता एकेका आज्ञेपुरते अधिकार घ्यायची ती सोय आजही युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सवर रोज वापरली जाते.

थोडक्यात, आयबीएमचा पीसी बाजारात यायच्या आधीच या प्रश्नाची उत्तरं लिहून तयार होती. घरगुती संगणकाने ती घेतली नाहीत, इतकंच.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. तो एका माणसाच्या टेबलावर बसणार होता, त्याला नेटवर्क नव्हतं. त्यातल्या ८०८८ या चिपमध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीत ढवळाढवळ करण्यापासून अडवायची सोयच नव्हती. त्यावर चालणाऱ्या डॉस या प्रणालीत खातं ही गोष्ट नव्हती. फाइल ठेवायची जी पद्धत होती, फॅट, तिच्यात फाइल कुणाच्या मालकीची हे लिहायला जागा नव्हती. जो मशीन चालू करेल तो राजा. नव्वदीत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेली जी मशीनं ठाण्या-डोंबिवलीच्या घरांत आली, ती याच वंशातली. विंडोज ९५ ला पासवर्डची चौकट दिसायची खरी, पण एस्केप दाबला की थेट आत. ते कुलूप नव्हतंच. नेटवर्कवरचं नाव आणि प्रत्येकाची डेस्कटॉपची मांडणी लक्षात ठेवण्यापुरती ती चौकट होती.

मायक्रोसॉफ्टकडे दुसरा, शहाणा वंशही होता. डिजिटल इक्विपमेंट कंपनीतून आलेल्या डेव्ह कटलर यांच्या चमूने बनवलेलं विंडोज एनटी जुलै १९९३ मध्ये बाहेर पडलं. त्यात खाती होती, प्रत्येक फाइलवर कोण काय करू शकतो याची नोंद होती, साधा प्रोग्रॅम थेट हार्डवेअरला हात लावू शकत नव्हता. पण त्याला किमान १२ एमबी रॅम लागायची. घरच्या मशीनला तेव्हा ती चैन कुठली? म्हणून एनटी ऑफिसात राहिलं आणि घरांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे आणखी काही वर्षं बेधडक लिहित राहिले. सेटिंग्ज आपल्याच फोल्डरमध्ये लिहायच्या, डेटा तिथेच ठेवायचा, प्रिंटरच्या पोर्टला लावलेल्या डोंगलशी (सॉफ्टवेअरची नक्कल रोखणाऱ्या छोट्या उपकरणाशी) परस्पर बोलायचं.

ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि दोन्ही वंश एक झाले. घराघरांत एनटीचा पाया पोचला. नेमक्या याच वळणावर चूक झाली, असं माझं मत आहे. साध्या खात्यात जुनी सॉफ्टवेअरं चालेनात, म्हणून विंडोज टाकताना तयार केलेली सगळी खाती ॲडमिनिस्ट्रेटर दर्जाची ठेवली गेली. मर्यादित खातं उपलब्ध होतं, पण ते घेणाऱ्याचे गेम चालायचे नाहीत, प्रिंटर बसायचा नाही. होम आवृत्तीत तर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचं आणखी एक खातं बिनपासवर्डाचं असायचं, सेफ मोडमध्ये, म्हणजे बिघाड झाल्यावर विंडोज मोजक्याच गोष्टींनिशी चालू केलं, की दिसायचं. चांगली कुलपं बसवून सगळ्या किल्ल्या दारालाच लटकवल्यासारखं झालं. त्याच सुमाराला इंटरनेट घरात आलं. मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ हा ईमेलचा किडा दाखवून गेला होता, की वापरणाऱ्याने उघडलेली फाइल वापरणाऱ्याच्याच अधिकाराने वाटेल ते करू शकते. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कंपनीत सगळ्यांना पत्र पाठवून नव्या सोयींपेक्षा सुरक्षिततेला आधी स्थान द्या असं सांगितलं. तरी ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ हा नवा किडा आलाच. तो विंडोजच्या एका सेवेतल्या भोकातून शिरायचा, त्यामुळे तुमचं खातं साधं असलं तरी फरक पडत नव्हता. हेही लक्षात ठेवायला हवं: साधं खातं हा सगळ्यावरचा इलाज कधीच नव्हता.

इतरांनी तोवर वेगळी वाट धरली होती. ॲपलने २००१ च्या मॅक ओएस टेनमध्ये रूट मुळातच बंद ठेवला, लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या उबुंटूने ऑक्टोबर २००४ च्या पहिल्या आवृत्तीपासून तेच केलं.

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि स्क्रीन अंधारायला लागली. या सोयीचं नाव यूएसी, म्हणजे यूजर अकाउंट कंट्रोल. ॲडमिन खात्याने लॉगिन केलं तरी आत दोन ओळखपत्रं तयार होतात, एक साधं आणि एक पूर्ण अधिकाराचं. रोजचं काम साध्यावर चालतं, पूर्ण अधिकार लागले की चौकट येते. लोक वैतागले. मायक्रोसॉफ्टच्या डेव्हिड क्रॉस यांनी २००८ मध्ये एका परिषदेत सरळ सांगून टाकलं, की लोकांना त्रास व्हावा हाच हेतू होता. लोक वैतागले तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या मागे लागतील आणि ते विनाकारण ॲडमिन अधिकार मागायचं थांबवतील. हिशेब चुकीचा नव्हता, पण हप्ता भरला घरच्या माणसाने.

जुनी सॉफ्टवेअरं मोडू नयेत म्हणून व्हिस्टाने आणखी एक गुपचूप तडजोड केली. जुना प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला गेला, की विंडोज ते लिखाण अडवण्याऐवजी त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या, ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवायचं. प्रोग्रॅमला पत्ताही नसायचा. आता सोसायटीच्या ऑफिसातलं मशीन डोळ्यांपुढे आणा. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर, सेक्रेटरीचं एक खातं, खजिनदाराचं दुसरं. सेक्रेटरीने मेंटेनन्सच्या पावत्या चढवल्या, खजिनदाराने उघडलं तर पावत्या नाहीत. दोघांच्या वह्या वेगळ्या झालेल्या, कारण प्रत्येकाच्या नोंदी ज्याच्या त्याच्या फोल्डरात. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलं तर तिसरीच वही, कारण तेव्हा लिखाण मूळ जागी जायचं. सर्वसाधारण सभेच्या तोंडावर असं झालं तर संशय विंडोजवर कोण घेणार?

मराठी टायपिंगवाल्यांना वेगळा फटका बसला. व्हिस्टापासून कमी अधिकाराचा प्रोग्रॅम जास्त अधिकाराच्या खिडकीत कळा पाठवू शकत नाही. म्हणजे कीबोर्ड पकडून मराठी अक्षरं देणारं सॉफ्टवेअर साध्या अधिकाराने चालू आणि वर्ड ॲडमिन म्हणून उघडलेलं, तर मराठी उमटतच नाही. डीटीपीवाल्यांनी काढलेला उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: दोन्ही ॲडमिन म्हणून चालवा. जीएसटीसाठी डिजिटल सही करायची तर सहीचं सॉफ्टवेअरही तसंच उघडायची सवय कर सल्लागारांच्या ऑफिसांत लागली. एका सॉफ्टवेअरने मागितलेला अधिकार असा शेजारच्या सॉफ्टवेअरलाही देऊन टाकावा लागतो.

२००९ च्या विंडोज ७ मध्ये चौकटी कमी झाल्या, कारण विंडोजचे स्वतःचे काही प्रोग्रॅम न विचारता अधिकार घेऊ लागले. चाचणीसाठीच्या बीटा आवृत्तीवरच लोकांनी यातली पळवाट दाखवून दिली. यूएसी ही सुरक्षेची भिंत मानू नका, असं मायक्रोसॉफ्टनेही नंतर अनेकदा म्हटलं आहे.

ॲडमिन अधिकार चुकीच्या हातात गेले तर काय होतं, हे आपल्या दारात दिसलं ते २७ जून २०१७ ला. युक्रेनमधल्या एका कर भरायच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत घुसला आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. त्याने वापरलेल्या एका भोकाला मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच ठिगळ लावलं होतं. पण तो दुसऱ्या मार्गानेही पसरायचा: मशीनवर ॲडमिन अधिकार मिळाले, की मेमरीत पडलेले पासवर्ड उचलायचे आणि तेच वापरून शेजारच्या मशीनवर रीतसर लॉगिन करायचं. तिथे ठिगळ लावलेलं मशीनही उपयोगाचं नाही. मर्स्कने आपलं नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितलं.

घरात मात्र धोक्याचा तोंडवळा बदललेला आहे. २००८ मध्ये आलेलं क्रोम वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, ॲडमिनला न विचारता बसू शकत होतं. पुढे बऱ्याच जणांनी तो मार्ग घेतला. तोच मार्ग खंडणीखोर सॉफ्टवेअरलाही मोकळा आहे. तुमचे फोटो, रिटर्न, प्रोजेक्ट तुमच्या मालकीचे, त्यामुळे तुमच्या अधिकाराने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम ते कुलूपबंद करू शकतो. ॲडमिनची गरजच नाही. साधं खातं विंडोजला वाचवतं, घरातल्या दुसऱ्या खात्यांना वाचवतं, अँटिव्हायरस बंद पाडू देत नाही. आजोबांच्या फोटोंसाठी वेगळ्या डिस्कवर कॉपी लागतेच. अँड्रॉइडने हा प्रश्न सुरुवातीलाच ओळखला होता. तिथे प्रत्येक ॲप हा स्वतंत्र वापरकर्ता धरला जातो आणि एकाला दुसऱ्याच्या खासगी फाइली दिसत नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी ‘ॲडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन’ जाहीर केलं. दोन ओळखपत्रांऐवजी अधिकाराच्या कामासाठी पूर्ण वेगळं, लपलेलं खातं आणि प्रत्येक वेळी पिन किंवा बोटाचा ठसा. न वाचता दाबायचा ‘येस’ त्यात जाईल. पण आपल्याकडे असंख्य मशीनं विंडोज ११ ला लागणाऱ्या टीपीएम २.० या सुरक्षा चिपशिवायची आहेत आणि ती विंडोज १० वरच थांबलेली आहेत. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, तीही नोंदणी केली असेल तर. साध्या खात्यातून ॲडमिनपर्यंत चढता येईल अशी भोकं विंडोजमध्ये जवळपास दर महिन्याला सापडतात आणि बुजवली जातात. अपडेट थांबलेल्या मशीनवर ती उघडीच राहतात, आणि तिथे साध्या खात्याचा आडोसाही दर महिन्याला थोडा पातळ होत जातो.