गेलेलं नसलेलं कार्ड: जुन्या लॅपटॉपवरच्या लिनक्स वायफायची पार्श्वभूमी

मागच्या महिन्यात शेजारचा मुलगा मामाकडून मिळालेला २००८ सालचा लॅपटॉप घेऊन आला. विंडोज रडतखडत चालायचं म्हणून त्याने कुणाच्या तरी जुन्या पेन ड्राइव्हवरून डेबियन, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार, टाकलं होतं. बाकी सगळं झकास, फक्त वायफाय नाही. एमजी रोडवरच्या दुकानात दाखवून झालं होतं. "काका, ते म्हणाले कार्ड गेलंय. डोंगल लाव म्हणाले."

नाशिकमध्ये असो की आणखी कुठे, हे निदान मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधी टर्मिनल उघडतो. 'एलएसपीसीआय' ही जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी कमांड दिली आणि कार्ड यादीत हजर. पार मेलेलं कार्ड सहसा यादीत दिसतच नाही. मग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग पाहिला. त्यात एकच कामाची ओळ होती: फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, फाइल सापडली नाही. म्हणजे कार्ड धडधाकट होतं, त्याला शिदोरी मिळाली नव्हती. ती का मिळत नाही, याला वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास आहे.

वायफायचं ८०२.११ हे मानक १९९७ चं, आणि ते घरोघर नेणारं ८०२.११बी १९९९ चं. त्या काळातल्या बऱ्याच कार्डांचं फर्मवेअर कार्डावरच्याच फ्लॅश मेमरीत असायचं. मग पैसे वाचवायला ती मेमरी काढली गेली. कार्ड रिकामं जागं होणार आणि दर वेळी ड्रायव्हरने, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या कार्ड हाकणाऱ्या प्रोग्रामने, त्याला फर्मवेअर भरवायचं, अशी नवी रीत पडली. विंडोजवाल्याला हे कधी कळलंच नाही, कारण सोबतच्या सीडीत सगळं होतं. लिनक्सच्या वाट्याला ना सीडी, ना चिपची माहिती.

पहिला तोडगा अस्सल जुगाड होता. २००३ साली पोंटस फुक्स याने 'एनडिसरॅपर' सुरू केलं आणि पुढे गिरिधर पेम्मासानी यांनी ते वाढवलं. विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आणायचा आणि त्याला भासवायचं की तू विंडोजमध्येच आहेस. सासरी आलेल्या सुनेला माहेरचा भास करून द्यावा तसं. चालायचं, पण रुसला की सगळा लॅपटॉपच गोठायचा.

ब्रॉडकॉमच्या चिपची कथा जास्त रंगतदार. २००३ मध्येच लोकांच्या लक्षात आलं की लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स चालतंय. लिनक्सच्या जीपीएल परवान्यामुळे (वाटलंत तर सोर्स कोडही द्या, अशी त्याची अट) कंपनीला सोर्स कोड द्यावा लागला, पण त्यातल्या ब्रॉडकॉम चिपचा वायरलेस ड्रायव्हर मात्र बंद डबीतच राहिला. काही मंडळींनी तीच डबी उलगडायला घेतली. कायद्याच्या कचाट्यात सापडू नये म्हणून दोन गट केले. एकाने ड्रायव्हर उसवून चिप कशी वागते ते फक्त लिहून काढायचं, दुसऱ्याने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न पाहता त्या टिपणांवरून नवा लिहायचा. तो 'बीसीएम४३एक्सएक्स' जून २००६ मध्ये कर्नल २.६.१७ बरोबर आला, आणि २००८ च्या सुरुवातीला 'बी४३' ने त्याची जागा घेतली. माझ्या मते लिनक्सच्या इतिहासातलं हे सर्वांत चिवट काम.

तरी घोडं अडलं ते फर्मवेअरपाशी. ड्रायव्हर स्वतःचा लिहिला, पण फर्मवेअर कंपनीचं आणि ते वाटायची परवानगी नाही. म्हणून 'एफडब्ल्यूकटर' नावाचं अवजार आलं: कंपनीचा ड्रायव्हर तुम्हीच उतरवून घ्या आणि फणसातला गरा काढावा तसं त्याच्या पोटातलं फर्मवेअर कापून काढा. उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी तर हा सगळा खटाटोप. वेड जात नाही म्हणून लग्न होत नाही, लग्न होत नाही म्हणून वेड जात नाही!

सगळ्याच कंपन्या अशा नव्हत्या. इंटेलने २००४ पासून लिनक्ससाठी खुला ड्रायव्हर दिला. २००८ मध्ये अथेरॉसने 'ॲथ९के' दिला. त्या पीसीआय कार्डांना तर वेगळी फर्मवेअर फाइल लागतच नाही. ब्रॉडकॉमही २०१० मध्ये खुल्या ड्रायव्हरसह पुढे आली, पण तो नव्या चिपसाठी. त्यामुळे जुना लॅपटॉप घेताना मी रॅमच्या आधी वायफायची चिप विचारतो.

कंपन्यांचा बचाव अगदीच पोकळ नव्हता. रेडिओची शक्ती आणि चॅनेल किती, हे प्रत्येक देशाचं सरकार ठरवतं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरात आणि घराबाहेर परवान्याविना वापरायची मुभा देणारे नियम जानेवारी २००५ चे. कोड खुला केला तर कुणीही या मर्यादा मोडेल, अशी भीती घातली जायची. इंटेलने २००६ च्या ३९४५ कार्डासाठी या नियमनाचा भाग एका वेगळ्या बंद प्रोग्राममध्ये ठेवला होता. लोक खवळले, आणि पुढच्या ड्रायव्हरमध्ये तो गेला.

डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन ठरवलं की असं बंद फर्मवेअरही अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळू लागलं. अर्थात, जे वाटायची परवानगी आहे तेवढंच. पोराची पेन ड्राइव्ह त्याआधीची होती.

मग त्याचाच फोन केबलने जोडला आणि यूएसबी टेथरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणं, चालू केलं. लॅपटॉपला ते साधं वायरचं नेटवर्क वाटतं, त्यामुळे वेडाचं आणि लग्नाचं कोडं सुटलं. फर्मवेअरचं पॅकेज उतरलं, मशीन बंद-चालू केलं, दिवा लागला. शेजारपाजारची आठ-दहा नेटवर्कं दिसली, माझं मात्र गायब.

पुन्हा तेच देशोदेशीचे नियम. माझा राउटर १३ व्या चॅनेलवर होता, आपल्याकडे ते चालतं. अमेरिकेच्या बाजारासाठीची कार्डं सहसा ११ च्या पुढे पाहतच नाहीत, आणि मामाने तो लॅपटॉप अमेरिकेहूनच आणला होता. राउटर ६ वर आणला तसं नाव उमटलं. पोराने पासवर्ड विचारला.