खेळी-क्रम (भूमिकाखेळातील लढाई)

भूमिकाखेळात, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळात, लढाईला तोंड फुटले की कोणत्या पात्राने कधी हालायचे हे ठरवण्याची रीत. खेळणारे तिला सर्रास ‘टर्न ऑर्डर’ म्हणतात आणि ती ठरवायला टाकलेल्या फाशाला ‘इनिशिएटिव्ह’. ‘पाळी’ हा शब्द सोपा खरा, पण सोलापुरात ‘पाळी’ म्हटले की जुन्या माणसाला गिरणीची पहिली-दुसरी पाळीच आठवते, म्हणजे भोंग्यावर ठरलेले तास. म्हणून येथे ‘खेळी’ हा शब्द घेतला आहे. सर्वांची एकेक खेळी झाली की एक फेरी पुरी होते.

उगम : ही रीत युद्धखेळांतून (लढाईची नक्कल करणाऱ्या खेळांतून) आली याबद्दल फारसे दुमत नाही, वाद आहे तो कोणत्या वाटेने आली याचा. प्रशियात 1824 मध्ये राइसव्हित्स याने सिद्ध केलेल्या ‘क्रीगश्पील’मध्ये एक खेळी दोन मिनिटांची धरली जाई, दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाला देत आणि परिणाम पंच ठरवी. म्हणजे बुद्धिबळासारखी आलटून-पालटून चाल हाच काही एकमेव पूर्वज नव्हे. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या युद्धखेळाच्या नियमांमध्ये (1971) दोन्ही पर्याय दिलेले दिसतात: फाशाने बाजू ठरवून आळीपाळीने चाल, किंवा हुकूम लिहून एकाच वेळी चाल. द्वंद्वात पहिला वार सहसा चढाई करणाऱ्याचा. मात्र बचाव करणाऱ्याचे हत्यार बरेच लांब असेल, किंवा तो उंचावर असेल, तर पहिला वार त्याचा.

गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ 1974 मध्ये तीन पुस्तिकांत निघाला. पहिले कोणी मारायचे हे त्यांत धड सांगितलेलेच नाही. वाचकाकडे ‘चेनमेल’ असणार असे गृहीत धरले होते, असे एक मत. खेळवणाऱ्याने आपापल्या परीने ठरवावे असाच हेतू होता, असे दुसरे. पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण पुस्तिकांत ‘चेनमेल’चा उल्लेख वारंवार येतो. प्रकाशकांच्या नियतकालिकात 1975 मध्ये खुलासा आला तो असा: लढणाऱ्यांनी फासे टाकावेत, चपळाईप्रमाणे त्यांत फेरफार करावा, मोठ्या दानाचा वार आधी. पुढची बहुतेक सारी रचना या ओळीचाच विस्तार आहे. याच खेळाच्या 1979 च्या नियमग्रंथात एक मिनिटाच्या फेरीचे सहा-सहा सेकंदांचे दहा तुकडे पाडले आणि शस्त्रांना वेगांक दिले. ते मुख्यतः बरोबरी झाली तरच कामास येत. हा भाग इतका गुंतागुंतीचा झाला, की अनेक टेबलांवर तो सरळ वगळला जाई. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीने फेरी सहा सेकंदांवर आणली. 20 बाजूंचा फासा एकदाच टाकायचा आणि तोच क्रम लढाई संपेपर्यंत फिरवायचा, ही आज रुळलेली पद्धत तेव्हाची.

रचना : समजा, सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशी रात्री दोघे समोरासमोर आले. हेराची चपळाई +5, चिलखतातल्या पहारेकऱ्याची शून्य. दोघांनी 20 बाजूंचे फासे टाकले तर 400 शक्यतांपैकी 280 मध्ये हेर पुढे, 105 मध्ये पहारेकरी, 15 मध्ये बरोबरी. चपळाईचा एवढा फरक असूनही जड माणूस चारातून एकदा बाजी मारतो. पहिले येण्याचा लाभही फेऱ्यांवर ठरतो. तिसऱ्या फेरीत शत्रू पडला तर पहिल्याच्या तीन खेळ्या झाल्या, दुसऱ्याच्या दोन. दहाव्या फेरीत पडला तर दहाला नऊ.

क्रम माणसागणिक न ठरवता बाजूगणिक ठरवला तर चित्र पालटते. बाजूला एक सहा बाजूंचा फासा, दर फेरीला नव्याने: हिशेब कमी, पण आधीच्या फेरीत शेवटी आणि पुढच्या फेरीत आधी खेळलेली बाजू सलग दोनदा खेळते. चौघांचे आठ वार एकाच शत्रूवर, तोही मधे हात न उचलता. माणसागणिक क्रम धरला तर त्याबरोबर खोळंबा येतो. पाच खेळाडू, प्रत्येकी दोन मिनिटे, सूत्रधाराची (खेळवणाऱ्याची) चार, म्हणजे आपली खेळी संपल्यावर बारा मिनिटे हातावर हात. लढाईतला वेग दाखवण्यापेक्षा बसलेल्यांत वेळ वाटण्याचेच काम ही रीत अधिक करते. नियमग्रंथ मात्र बोलतात ते वेगाबद्दल.

फासाच नको म्हणणारेही आहेत. ‘गर्प्स’ या भूमिकाखेळामध्ये (1986) वेगाच्या आकड्यावरून क्रम आधीच पक्का असतो, सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज मानाच्या क्रमाने निघतात, दरवर्षी चिठ्ठ्या टाकत नाहीत, तसे. ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’मध्ये (2003) दर फेरीला पत्ते वाटतात आणि जोकर आलेला हवे तेव्हा मधे घुसतो. खेळलेल्याने पुढच्याचे नाव घ्यायचे, असाही एक प्रकार आहे. त्यात शत्रूला सर्वांत शेवटी ठेवले तर पुढच्या फेरीची सुरुवात तोच आपल्या माणसापासून करतो, हे नवख्यांना एकदा मार खाल्ल्यावर कळते.

व्हिडिओ गेममध्ये ‘फायनल फँटसी 4’ने (1991) घड्याळ चालू ठेवून, पात्राची वेळ भरली की त्याची खेळी, अशी रीत आणली, ‘फायनल फँटसी 10’ने (2001) ती काढून येणाऱ्या खेळ्यांची यादीच पडद्यावर मांडली. टेबलावर ते काम कपड्यांचे चिमटे करतात. सूत्रधारापुढच्या पुठ्ठ्याच्या कडेला नावे लिहिलेले चिमटे क्रमाने लावायचे. थांबतो म्हणणाऱ्याचा पुढे सरकवायचा, पडलेल्याचा काढून डब्यात टाकायचा.