किलाउएआचा लाव्हा: शिखरावरचा आणि कुशीतला

हवाईच्या बिग आयलंडवर ‘लाव्हा बघायला जायचंय’ असं दोघं म्हणाले, तरी दोघांच्या डोळ्यांसमोर एकच दृश्य असेल असं नाही. एकाला काही पावलांवर सरकत येणारा, सायीसारखा सुरकुतत जाणारा लाल रस हवा असतो. दुसऱ्याने विवरातून शेकडो मीटर उसळणारं कारंजं व्हिडिओत पाहिलेलं असतं. दोन्ही दृश्यं किलाउएआ या ज्वालामुखीचीच आहेत. पण पहिलं त्याच्या कुशीतल्या उद्रेकाचं आहे आणि दुसरं शिखरावरच्या. एकासाठी केलेली तयारी दुसऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही, आणि सहलीचा विरस होतो तो बहुतेक इथेच.

शिखराखाली, हालेमाउमाउ विवराच्या खाली, मॅग्माचा, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचा साठा आहे. तिथून पूर्वेला आणि नैऋत्येला भेगाळलेल्या खडकाचे लांबलचक पट्टे गेलेत. त्यांना रिफ्ट झोन म्हणतात. मॅग्मा सरळ वर आला तर शिखरावरच्या खड्ड्यात पडतो. पट्ट्यातून आडवा सरकून खाली कुठे फुटला, तर डोंगरउतारावरून वाहत सुटतो, कधी थेट समुद्रापर्यंत.

बहुतेक जुनी प्रवासवर्णनं या उतारावरच्या, म्हणजे कुशीतल्या उद्रेकाची आहेत. १९८३ मध्ये पूर्वेच्या पट्ट्यात पुऊ ओओ इथे उद्रेक सुरू झाला आणि २०१८ पर्यंत, म्हणजे ३५ वर्षं, चालला. पहिली तीनेक वर्षं तिथेही थांबून थांबून उंच कारंजी उडायची. १९८६ नंतर लाव्हा संथपणे, जवळजवळ अखंड वाहू लागला. १९९० मध्ये त्याने कालापाना गाव गिळलं. याच काळात लोक काळ्या खडकावरून काही किलोमीटर चालत जाऊन गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडणारा पाहोएहोए लाव्हा जवळून बघत. (आपल्या दख्खनच्या बेसाल्टचं वर्णन करतानाही भूवैज्ञानिक हाच हवाईयन शब्द वापरतात, कारण सह्याद्रीतले कितीतरी थर याच जातीचे आहेत.) मग ३० एप्रिल २०१८ रोजी पुऊ ओओचा तळ ढासळला, मॅग्मा पट्ट्यात आणखी खाली गेला आणि मे महिन्यात लेलानी इस्टेट्स या वस्तीत जमीन फाटली. ७०० हून अधिक घरं गेली. कुशीतला लाव्हा जवळ जाता येतो म्हणून लोभस वाटतो, पण तो लोकांच्या अंगणातूनही वाहतो, हे तिकीट काढताना मनात असू द्यावं.

त्याच वर्षी शिखर खचलं आणि हालेमाउमाउ सुमारे ५०० मीटरने खोल झालं. त्यामुळे शिखरावर आता जे काही होतं ते त्या खड्ड्याच्या भिंतींआड होतं. २३ डिसेंबर २०२४ ला तिथे सुरू झालेल्या उद्रेकात कारंजी ३०० मीटरच्याही वर गेली, आणि २०२५ भर एकच क्रम राहिला: काही तासांचा, क्वचित दिवसभराहून मोठा उसळा, मग काही दिवसांचा किंवा दोन-तीन आठवड्यांचा विराम. कारंजं चालू असताना विवराच्या तळावर लाव्हाचे ओहोळ पसरतात. वाहता लाव्हा दिसतो, पण काठावरून, लांबून. दुर्बीण न्या. जवळ जाण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणून अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हवाई वेधशाळेचं रोजचं निवेदन वाचताना आधी जागा बघा: शिखर की रिफ्ट झोन. मग सध्या उसळा आहे की विराम, ते बघा. ‘उद्रेक सुरू आहे’ एवढ्यावर विमानाचं तिकीट काढू नका, कारण विरामातही उद्रेक सुरूच मानला जातो आणि तेव्हा विवरात धूर, नाहीतर रात्री थोडी लाली, एवढंच दिसू शकतं. जमिनीचा कल मोजणारी उपकरणं पुढच्या उसळ्याचा अंदाज देतात. तोंडातून थोडा थोडा लाव्हा उतू जायला लागला की तो जवळ आलेला असतो. माझं मत स्पष्ट आहे: शिखरासाठी जायचं तर मुक्काम हिलोला किंवा हवाई व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानाजवळच्या व्होल्कॅनो गावात, आणि होतील तितक्या जास्त रात्रींचा. बेटाच्या पश्चिमेच्या कोनाहून गाडीने दोन-अडीच तास लागतात. उसळा तेवढ्यात संपूही शकतो. उद्यान २४ तास उघडं असतं, तेव्हा पहाटे तीनलाही निघा. सुमारे १२०० मीटर उंचीवर थंडी आणि पाऊस दोन्ही असतात, जाड जॅकेट हवंच.

वाऱ्याकडेही लक्ष ठेवा. नेहमीचा ईशान्येचा वारा धूर नैऋत्येला नेतो. तो उलटला की काचेसारखे हलके खडे आणि ‘पेलेचे केस’ म्हणतात ते काचतंतू बघण्याच्या जागांवर पडतात. डोळ्यांना चष्मा हवा. दमा असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सल्फर डायऑक्साइडची पातळी बघूनच जावं.

कुशीत पुन्हा फुटला तर? तरी तो गाठता येईलच असं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये नापाउ विवराजवळ पाचेक दिवस लाव्हा वाहिला, पण तो उद्यानाच्या दुर्गम, बंद केलेल्या भागात होता. लोकांसाठी वाट उघडलीच तर जाड तळव्याचे बूट, लांब पँट, हातमोजे, भरपूर पाणी आणि प्रत्येकाकडे वेगळी विजेरी घ्या. ताज्या खडकावर पडलं तर हात सोलून निघतो. लाव्हा समुद्राला मिळतो तिथे उठणाऱ्या पांढऱ्या वाफेत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे कण असतात, आणि नवी बनलेली किनारपट्टी न सांगता कोसळते. जुलै २०१८ मध्ये अशाच ठिकाणी स्फोट होऊन उडालेले दगड पर्यटकांच्या बोटीवर पडले आणि २३ जण जखमी झाले. बोटीची सहल कुणी कितीही स्वस्तात देऊ केली तरी या जागी ती घेऊ नका.