घोडबंदर रोड: गायमुखचा घाट अरुंद का?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात कंटेनर बंद पडला की पार कासारवडवलीपर्यंत गाड्या खोळंबतात आणि सगळं खापर खड्ड्यांवर फुटतं. खड्डे आहेतच. पण तिथे पर्यायी वाटच नाही, आणि त्याचं कारण रस्त्यापेक्षा खूप जुनं आहे.

उल्हास नदी ठाण्याजवळ येते तेव्हा साष्टीचं बेट, म्हणजे ज्यावर ठाणं आणि मुंबईची उपनगरं वसली आहेत ते, तिच्या आडवं येतं. एक फाटा ठाण्याच्या खाडीतून दक्षिणेला उतरतो, तर मुख्य प्रवाह पश्चिमेला वळून वसईच्या खाडीने समुद्राला मिळतो. बेटाच्या मधोमध लाव्हारसातून घडलेला काळ्या पाषाणाचा डोंगर आहे. त्याचा सर्वांत उंच माथा, जांभूळमाळ, ४६८ मीटर. ठाण्याकडची बाजू म्हणजे आपलं येऊर. मानपाडा, वाघबीळ, ओवळा या पट्ट्यात डोंगराचा पायथा आणि खाडी यांच्यात बऱ्यापैकी सपाटी आहे. पूर्वी तिथे भातशेती होती, आता टॉवर आहेत. गायमुखला मात्र डोंगराची सोंड थेट पाण्याला भिडते. ठाण्याहून निघालं की डावीकडे कडा, उजवीकडे खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर रस्ता. पावसाळ्यात हे दृश्य इतकं देखणं असतं की कोंडीत अडकलेला माणूसही मोबाइल बाहेर काढतो.

जुन्या काळी इथला खरा हमरस्ता खाडीच होती. आत कल्याण, मुखाकडे सोपारा, ही दोन्ही प्राचीन बंदरं. मधल्या डोंगरात कान्हेरीची लेणी. १५३४ मध्ये वसईबरोबर साष्टीही पोर्तुगीजांकडे गेली. खाडीवर नजर ठेवायला त्यांनी घोडबंदरला किल्ला बांधला. अरबी घोडे याच धक्क्यावर उतरत, असं परंपरेने सांगितलं जातं. १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी घेतली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं जिंकलं. राज्यं बदलली तरी महत्त्व पाण्यावरच्या वाटेलाच राहिलं.

१८५३ मध्ये रेल्वे आली ती भांडुपच्या बाजूने, डोंगराच्या दक्षिण-पूर्वेच्या सपाटीवरून. उत्तरेकडचा हा कोपरा त्यामुळे बराच काळ निवांत राहिला. पुढे आग्रा रोड आणि अहमदाबाद महामार्ग यांना जोडणारा सुमारे २० किलोमीटरचा दुवा म्हणून या रस्त्याला भाव आला. १९८९ मध्ये उरणजवळ न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि गुजरातकडे जाणारे कंटेनर इथूनच धावू लागले. त्यांच्या जोडीला घोडबंदर पट्ट्यातली नवी वस्ती आलीच.

रुंदीकरणाची मागणी दर पावसाळ्यात होते. पण डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बिबट्यांचं घर; आणि खाडीकाठी खारफुटी, तिलाही कायद्याचं संरक्षण. कडा फोडायचा की भराव टाकायचा, असाच पर्याय असेल तर दोन्हीही नको, असं माझं मत.

म्हणून आता डोंगराच्या पोटातून जायचं ठरलं आहे. जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन झालेला सुमारे १२ किलोमीटरचा ठाणे-बोरिवली जुळा बोगदा मुंबईच्या उपनगरांकडे जाणाऱ्यांची सोय करील. गुजरातच्या कंटेनरला त्याचा फारसा उपयोग नाही, त्याला फाउंटनकडेच, म्हणजे हा रस्ता अहमदाबाद महामार्गाला मिळतो त्या नाक्याकडेच, जायचं असतं. बाळकुमहून येणारा नियोजित खाडीकिनारा मार्गही गायमुखपर्यंतचाच आहे. पुढचा घाट तेवढाच राहतो.